व्यवसायातील माहिती प्रणाली: सुरुवात संगणकापासून करावी की निर्णयापासून?

नोंदवही (धागालेखक)

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात माहिती प्रणाली हा विषय शिकवताना बहुतेक वेळा हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटाबेस, नेटवर्क आणि माणसे अशा घटकांच्या यादीने सुरुवात होते. यादी चुकीची नाही. परंतु ती वाचून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की हे घटक विकत आणले, एकमेकांना जोडले, की प्रणाली तयार झाली. अशा प्रणाली बसवण्याचे आणि त्याहूनही अधिक वेळा बिघडलेल्या प्रणाली सावरण्याचे काम मी सोळा वर्षे केले आहे, आणि माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. कोणता निर्णय, कोणी, किती वेळा आणि किती अवधीत घ्यायचा आहे हे आधी ठरावे लागते. त्या निर्णयाला कोणती नोंद लागते हे त्यानंतर ठरते. ती नोंद कागदावर ठेवायची की यंत्रावर, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो.

माहिती प्रणाली संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात लुका पाचोली यांनी तेथील व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत सविस्तर मांडली. ती त्यांनी शोधून काढलेली नव्हती, व्यापारी ती आधीपासून वापरतच होते. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी, एकदा नावे आणि एकदा जमा, असा लिहिला की दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्याच पाहिजेत, आणि त्या जुळल्या नाहीत तर कोठेतरी चूक आहे हे वहीच सांगते. स्वतःची चूक स्वतः उघड करण्याची ही व्यवस्था मला कोणत्याही चांगल्या प्रणालीचे मूळ लक्षण वाटते. तिची मर्यादाही तितकीच शिकण्यासारखी आहे: जो व्यवहार लिहिलाच गेला नाही, तो ताळा कितीही अचूक जुळला तरी सापडत नाही.

आता आकडा आणि माहिती यांतील फरक पाहू. समजा, गोदामात एका वस्तूचे १०० नग आहेत. एवढ्यावरून कोणालाही काहीच करता येत नाही. त्यांपैकी ७० नग आधीच्या ग्राहकांसाठी राखून ठेवलेले आहेत हे कळले, तर विक्रीसाठी ३० उरतात. रोज सरासरी १० नग विकले जातात हे कळले, तर साठा तीन दिवस पुरेल असे दिसते. पुरवठादाराकडून माल यायला आठ दिवस लागतात हे कळले, की खरेदी आदेश पाच दिवसांपूर्वीच जायला हवा होता हे स्पष्ट होते. सुरुवातीचा आकडा बदललेला नाही. त्याला निर्णयाचा संदर्भ मिळाला आणि तो माहिती झाला. हे चार आकडे बहुतेक व्यवसायांमध्ये कोठे ना कोठे असतातच. मात्र पहिला गोदामात, दुसरा विक्री विभागात, तिसरा लेखा विभागात आणि चौथा खरेदी करणाऱ्याच्या डोक्यात असतो. त्यांना वेळेवर एकत्र आणणे म्हणजे माहिती प्रणाली.

१९६५ मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ रॉबर्ट अँथनी यांनी व्यवस्थापनाच्या कामाचे तीन स्तर मांडले: दीर्घकालीन धोरण, साधनसंपत्तीवरील व्यवस्थापकीय नियंत्रण आणि दैनंदिन कामकाज. १९७१ मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी त्याला निर्णय किती ठरीव आणि किती अनिश्चित आहे हा दुसरा निकष जोडला. जुनी असली तरी ही मांडणी मला आजही उपयोगी पडते, कारण ती एका नेहमीच्या चुकीपासून वाचवते. दैनंदिन कामाला ताजी, तपशीलवार आणि काटेकोर नोंद लागते, तर धोरणाला थोडी जुनी, ढोबळ पण बाहेरच्या जगाचाही समावेश असलेली माहिती चालते. संचालकांना दर मिनिटाला बदलणारा आलेख आणि गोदामातील कर्मचाऱ्याला महिन्याचा गोषवारा देणाऱ्या प्रणाली मी पाहिल्या आहेत. दोघांनाही त्यांचा उपयोग नव्हता.

सदस्यांनी आपापल्या कामातील अनुभव मांडावेत, आणि मतभेद असल्यास तेही.

आवक_जावक

मी गोदामाच्या बाजूने लिहितो. मुद्दे पटले, पण एक बाजू राहिली आहे: नोंद करतो एक आणि तिचा लाभ होतो दुसऱ्याला. माल उतरवणाऱ्याला संगणकात नोंद करण्याने काहीच मिळत नाही, उलट त्याचे काम वाढते. म्हणून तो नोंदी साठवून ठेवतो आणि पाळी संपताना एकदम भरतो.

मी पूर्वी ज्या ठिकाणी होतो तेथे अगदी असेच होत असे. सकाळी आलेला माल प्रणालीत संध्याकाळी दिसायचा. दिवसभर विक्री विभागाच्या पडद्यावर साठा शून्य असायचा, ते ग्राहकाला नकार द्यायचे, आणि त्याच वेळी तो माल आमच्यासमोर रचून ठेवलेला असायचा. वरिष्ठांनी याला कर्मचाऱ्यांचा आळस ठरवले, दोन वेळा ताकीद दिली, आणि काहीही बदलले नाही. शेवटी एका पर्यवेक्षिकेने सुचवले की माल ठेवण्याची जागा प्रणालीनेच सांगावी. म्हणजे नोंद केल्याशिवाय कोणत्या रकान्यात माल ठेवायचा हे कळणारच नाही. आठवड्याभरात नोंदी वेळेवर होऊ लागल्या, कारण आता नोंद ही कामाचीच पायरी झाली होती.

बारकोडचे महत्त्वही मला यातच दिसते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका दुकानात उत्पादनावरील युनिव्हर्सल प्रॉडक्ट कोड हा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. वरवर पाहता त्यामुळे बिल लवकर होऊ लागले. परंतु खरा फरक असा की बिल करण्याच्या त्याच हालचालीत कोणती वस्तू, किती वाजता, किती विकली गेली याची नोंद होऊ लागली आणि त्यासाठी कोणाला वेगळे काही लिहावे लागेना. जी नोंद काम करता करता आपोआप होते ती खरी असते. मागाहून आठवून लिहिलेल्या नोंदीवर माझा विश्वास नाही.

नोंदवही

आवक_जावक, रकान्याचे उदाहरण फार मोलाचे आहे. माझ्या मूळ लेखात ‘नोंद कोणी करायची’ हा प्रश्न यायला हवा होता, तो राहून गेला. नोंद करणाऱ्यालाही त्याच प्रणालीतून स्वतःच्या कामाचे काहीतरी परत मिळाले पाहिजे, ही अट मी यापुढे नेहमी घालीन.

अभ्यासू_वाचक

मी या विषयाची विद्यार्थिनी आहे. व्यवहार प्रक्रिया प्रणाली, व्यवस्थापन माहिती प्रणाली, निर्णय साहाय्य प्रणाली आणि ईआरपी (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग) अशा चार व्याख्या आम्हाला पाठ करायला आहेत. प्रत्यक्षात या चार वेगळ्या वस्तू असतात का?

नोंदवही

पहिल्या तीन एकाच नोंदीच्या तीन उपयोगांची नावे आहेत असे समजल्यास गोंधळ होत नाही. विक्रीचे बिल तयार करणे हा व्यवहार आहे. महिन्याची सगळी बिले विभागवार एकत्र करून ठरलेल्या नमुन्यात दाखवणे हा व्यवस्थापनासाठीचा अहवाल आहे. ‘दर पाच टक्क्यांनी वाढवला आणि मागणी थोडी घटली, तर काय होईल?’ असे प्रश्न त्याच आकडेवारीला विचारता येणे म्हणजे निर्णयाला साहाय्य. बिल चुकीचे असेल तर पुढचे दोन्ही उपयोग चुकीचे ठरतात, हे मात्र परीक्षेत आवर्जून लिहा.

ईआरपी ही गोष्ट वेगळ्या जातीची आहे आणि तिचा इतिहास कळला की ती लवकर समजते. १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी कारखान्यातील सामग्रीच्या गरजेचे गणित पद्धतशीर केले, त्याला एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) म्हणतात. त्यातील मूळ विचार साधा आहे: तयार वस्तूच्या मागणीचा अंदाज करावा लागतो, पण तिच्या सुट्या भागांचा अंदाज करायचा नसतो, हिशेब करायचा असतो. पुढच्या महिन्यात ५० टेबले करायची असतील तर पाय २००च लागतील. हातात ६० असतील तर १४० हवेत, आणि ते बनवायला दोन आठवडे लागत असतील तर काम केव्हा सुरू करायचे हेही ठरते. हजारो भागांसाठी हा हिशेब हाताने करणे अशक्य होते, संगणकामुळे तो शक्य झाला.

पुढे याच हिशेबाला खरेदी, मनुष्यबळ, लेखा आणि विक्री जोडले जात गेले आणि सर्व विभागांची मिळून जी एक प्रणाली झाली, तीच ईआरपी. जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी स्थापन केली आणि १९९२ मध्ये तिची आर-थ्री ही ईआरपी प्रणाली बाजारात आली. या साऱ्याच्या मुळाशी एक तात्त्विक कामही आहे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपात ठेवण्याचे प्रारूप मांडले. ग्राहकाचा पत्ता एकदाच, एकाच ठिकाणी लिहायचा आणि बाकी सर्वांनी त्याच्या क्रमांकाने त्याकडे निर्देश करायचा, ही आज साधी वाटणारी शिस्त त्यातून रुजली. पत्ता पाच ठिकाणी लिहिला असेल, तर तो बदलल्यावर त्यांपैकी तीनच ठिकाणी दुरुस्त होतो आणि मग खरा कोणता हे कोणीच सांगू शकत नाही.

उलटतपासणी

धागालेखकांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. निर्णय आधी आणि नोंद नंतर हा क्रम साठवण महाग होती त्या काळातील आहे. पुढे कोणते प्रश्न पडतील हे आज कोणालाच ठाऊक नसते. आज फक्त ठरलेल्या निर्णयांपुरतीच नोंद ठेवली, तर दोन वर्षांनी नवा प्रश्न पडल्यावर हाती काहीच नसेल. ग्राहक कोणत्या वेळी येतो, परत केलेल्या मालाचे कारण काय, चौकशी करूनही खरेदी न केलेले लोक किती, अशा नोंदी कोणत्याही ठरलेल्या निर्णयासाठी नव्हत्या म्हणून टाकून दिल्या आणि नंतर हळहळ वाटली, असे मी अनुभवले आहे. मूळ नोंदी शक्य तितक्या बारीक तपशिलात ठेवाव्यात, उपयोग नंतर शोधता येतो.

नोंदवही

आपला आक्षेप गंभीर आहे आणि अर्धा मला मान्य आहे. मूळ व्यवहार संपूर्ण तपशिलासह जपावा. बेरजा करून तपशील फेकून देणे ही न भरून येणारी हानी असते. माझी अडचण उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे. नोंद साठवणे स्वस्त झाले, पण तिचा अर्थ ठरवणे स्वस्त झालेले नाही.

‘विक्री’ हा एकच शब्द घ्या. ग्राहकाने २८ तारखेला मागणी नोंदवली, माल ३० तारखेला निघाला, बिल पुढच्या महिन्याच्या १ तारखेला झाले आणि पैसे ४५ दिवसांनी आले. ही विक्री कोणत्या महिन्याची? विक्री विभाग मागणीची तारीख धरतो, गोदाम पाठवणीची, लेखा विभाग बिलाची आणि रोख रकमेचे नियोजन करणारा पैसे मिळाल्याची. त्यातच मालाचा काही भाग परत आला, तर तो मूळ महिन्यातून वजा करायचा की परत आला त्या महिन्यातून, हा आणखी एक प्रश्न. चौघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात आणि एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. अशा बैठकांना मी बसलो आहे जेथे दोन तासांपैकी दीड तास कोणाचा आकडा खरा यावर गेला आणि निर्णय उरलेल्या अर्ध्या तासात अंदाजानेच झाला. चारही तारखा साठवलेल्या होत्या, साठवणीची काहीच उणीव नव्हती. उणीव होती ती कोणत्या निर्णयासाठी कोणती तारीख धरायची या लेखी कराराची, आणि तो करार निर्णयाचा विचार केल्याशिवाय होऊच शकत नाही.

दुसरे असे की व्यवस्थापनतज्ज्ञ रसेल अॅकॉफ यांनी १९६७ मध्येच या धोक्याकडे लक्ष वेधले होते. व्यवस्थापकांची खरी अडचण उपयुक्त माहिती कमी पडण्याची जितकी असते त्याहून अधिक निरुपयोगी माहितीच्या भाराची असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून जपावे सर्व, पण समोर ठेवावे निवडून, असे मी म्हणेन.

उलटतपासणी

‘विक्री’चे उदाहरण मान्य. साठवण आणि सादरीकरण यांत मी फरक केला नव्हता. तरीही नवे प्रश्न विचारण्याची मुभा अहवाल बनवणाऱ्या एका विभागापुरती मर्यादित राहू नये, एवढा आग्रह कायम ठेवतो.

ताळेबंद

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे आणि आतापर्यंतच्या चर्चेत नियंत्रणाचा विषय आलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नवा पुरवठादार प्रणालीत घालण्याचा आणि त्याला पैसे देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे नसावा, हा जुना नियम संगणकामुळे कालबाह्य झालेला नाही. उलट यंत्रावर हे दोन्ही अधिकार एका पासवर्डमागे सहज एकवटतात, म्हणून तो अधिक काटेकोर पाळावा लागतो. त्याचप्रमाणे खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय रक्कम देऊ नये. चुकलेली नोंद खोडू नये. तिची उलट नोंद करून मग योग्य नोंद करावी, म्हणजे काय चुकले होते, कोणी आणि केव्हा दुरुस्त केले हे कायम दिसत राहते.

हे नियम नुसत्या औपचारिकता आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी ब्रिटनच्या टपाल खात्यातील होरायझन या संगणकीय हिशेब प्रणालीचे प्रकरण अवश्य अभ्यासावे. १९९९ पासून ही प्रणाली तेथील टपाल शाखांमध्ये लागू होऊ लागली. शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि ती भरून देण्याची जबाबदारी शाखा चालवणाऱ्यांवर टाकली गेली. यंत्र बरोबर आहे हे गृहीत धरले गेल्यामुळे माणूस चोर ठरला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, फसवणूक किंवा खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. कित्येकांनी नसलेली तूट स्वतःच्या पैशाने भरली, काही तुरुंगात गेले, अनेकांचे संसार उद्ध्वस्त झाले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केले. शाखेतील हिशेबात दुरून फेरफार करता येत होते, हेही त्या सुनावणीत स्पष्ट झाले, आणि याच गोष्टीचा आधी वर्षानुवर्षे इन्कार केला गेला होता. २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील त्या शिक्षा रद्द केल्या.

या प्रकरणात संगणकीय दोषापेक्षा व्यवस्थापनाचा दोष मला अधिक मोठा वाटतो. शाखा चालवणाऱ्याला आपल्याच हिशेबाच्या मुळाशी जाऊन तूट कोणत्या व्यवहारातून आली हे पाहण्याची पुरेशी सोय नव्हती. इतक्या प्रामाणिक माणसांमध्ये अचानक इतके चोर कसे निघाले, हा प्रश्न आकडेवारीच विचारत होती, आणि तो ऐकणारे कोणी नव्हते. ज्या माणसाला प्रणालीच्या आकड्याबद्दल जबाबदार धरले जाते, त्याला त्या आकड्याला आव्हान देण्याचा मार्ग असलाच पाहिजे. माझ्या दृष्टीने हे प्रणालीच्या रचनेचे अंग आहे. मागाहून तक्रार निवारणाची खिडकी उघडून हे काम होत नाही.

आवक_जावक

ताळेबंद यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. साठ्यात तूट दिसली की पहिला संशय गोदामावर येतो. प्रत्यक्ष मोजणी वर्षातून एकदाच केली तर तूट अकरा महिन्यांपूर्वीची आहे की कालची, हे कळतच नाही. रोज थोड्या वस्तू मोजत राहिल्यास, आणि महत्त्वाच्या वस्तू अधिक वेळा मोजल्यास, चूक ताजी असतानाच सापडते आणि तिचे कारणही सापडते.

बारा_जणांचा_व्यवसाय

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. आमचा व्यवसाय लहान आहे, एकूण बारा माणसे. सध्या सर्व काही एक्सेलच्या फायलींत आहे. सुटे भाग विकत घेतो, जोडणी करतो, विकतो. एक विक्रेता संपूर्ण ईआरपी घ्या म्हणून मागे लागला आहे. घ्यावी का?

ताळेबंद

एक्सेलबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो. जे. पी. मॉर्गन बँकेला २०१२ मध्ये सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्यानंतर बँकेनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की जोखीम मोजण्याचे एक प्रारूप हाताने नकलून चिकटवलेल्या आकड्यांच्या फायलींवर चालत होते आणि त्यातील एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागले जात असल्यामुळे चढउतार प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत होते. तोट्याचे ते एकमेव कारण नव्हते. पण ज्या फायलीवर निर्णय अवलंबून आहे ती दुसऱ्या कोणीतरी तपासलेली असावी, ही खबरदारी बारा माणसांच्या व्यवसायातही घेता येते.

नोंदवही

बारा_जणांचा_व्यवसाय, आज काहीही विकत घेऊ नका. आधी दोन आठवडे एक काम करा. दर आठवड्याला वारंवार घ्यावे लागणारे निर्णय कागदावर लिहा: कोणता भाग मागवायचा, कोणाला उधारी द्यायची, कोणत्या मागणीची जोडणी आधी करायची, असे. प्रत्येकासमोर आज तो कशाच्या आधारे घेतला जातो हे प्रामाणिकपणे लिहा. जेथे ‘अमक्याला विचारून’ असे उत्तर येईल, तेथे नोंदच नाही असे समजा.

त्यानंतर भागांची यादी हाती घ्या. एका भागाला एकच क्रमांक, एकच नाव आणि मोजण्याचे एकच एकक. ही यादी नीट नसेल तर सर्वांत महागडी प्रणालीसुद्धा तोच गोंधळ अधिक वेगाने करील. लायन्स या ब्रिटिश कंपनीने लिओ हा स्वतःचा संगणक बांधून नोव्हेंबर १९५१ पासून बेकरी उत्पादनांच्या मूल्यांकनाचे काम त्यावर नियमित सुरू केले; व्यवसायाच्या कामासाठी संगणकाचा नियमित वापर प्रथम झाला तो येथे. त्या कंपनीला ते जमले याचे मोठे कारण असे की कार्यालयीन कामाच्या पद्धतींचा बारकाईने अभ्यास करण्याची तेथील परंपरा संगणकाच्या कितीतरी आधीची होती. कोणती नोंद कोठून येते आणि कोठे जाते हे त्यांना यंत्र येण्यापूर्वीच ठाऊक होते.

याद्या तयार झाल्यावर विक्रेत्याला बोलवा आणि त्याच्या नमुना आकडेवारीवर नव्हे, तर तुमच्याच मागच्या महिन्यातील वीस व्यवहारांवर प्रणाली चालवून दाखवायला सांगा. त्यात एक परत आलेला माल, एक अर्धवट पाठवणी आणि एक रद्द झालेली मागणी जरूर ठेवा.

बारा_जणांचा_व्यवसाय

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. निर्णयांची यादी तेवीसवर गेली आणि त्यांपैकी नऊ ठिकाणी ‘अमक्याला विचारून’ असे उत्तर आले, तेही एकाच सहकाऱ्याचे नाव. भागांच्या यादीत ४१२ ओळी होत्या, त्यातील ५८ एकाच वस्तूची वेगवेगळी नावे निघाली. एक भाग खरेदीच्या फायलीत पेट्यांमध्ये आणि जोडणीच्या फायलीत नगांमध्ये मोजला जात होता, आणि तो दर दोन महिन्यांनी का संपतो याचे कोडे आम्हाला तीन वर्षे सुटले नव्हते. विक्रेत्याला पुढच्या महिन्यात यायला सांगितले आहे. तोपर्यंत त्या सहकाऱ्याबरोबर रोज अर्धा तास बसून त्या नऊ निर्णयांमागचे नियम लिहून घेण्याचे काम सुरू केले आहे. आज तिसऱ्या निर्णयाचे नियम लिहून झाले.